डब्यावर तारीख लिहायचं काम : लेस्टरमधले माझे तीस दिवस

गोदाकाठची

पोरांकडे परदेशी गेलेल्या आईबापांचा दिवस कसा जातो, ते इथल्या निम्म्या मंडळींना सांगायला नको. सकाळी दोघं कामावर, नात शाळेत, आपण खिडकीत. पोळ्या झाल्या, भांडी मशीनमध्ये लागली. नाशिकला फोन करावा तर तिकडे सगळे जेवून आडवे झालेले.

मी चौतीस वर्षं बँकेत होते, त्यातली निम्मी कॅशला. गेल्या वर्षी मार्चमध्ये लेकीकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला गेले. तीन आठवड्यांत माझा चेहरा बघून जावई म्हणाला, "आई, तुम्ही इथेही बँकेत जा." मला वाटलं खातं उघडायचं म्हणतोय. तर ही फूड बँक, अडचणीतल्या लोकांना फुकट शिधा देणारी. घराजवळच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा उघडायची.

व्हिसाचं आधी सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार. व्हिजिटर व्हिसावर तिकडे काम करता येत नाही. पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एका मुक्कामात एकूण तीस दिवसांपर्यंत बिनपगारी सेवा चालते. लेकीने सरकारी संकेतस्थळ दोनदा वाचलं, संस्थेच्या बाईंनीही तेच विचारून घेतलं. इथून नेलेल्या कालनिर्णयावर मी पेन्सिलीने रेघा मारत गेले. तीनच तास गेले तरी पूर्ण रेघ. हिशोबात घोळ नको.

काम काय? सुपरमार्केटच्या दाराशी मोठं पिंप असतं. लोक बिल झाल्यावर त्यात डबे, पाकिटं टाकून जातात. ते क्रेट हॉलवर आले की आधी वजनकाटा. कुठून आलं, किती किलो आलं, सगळं वहीत. मग एकेक डबा हातात घेऊन तारीख शोधायची. ती कुठे छापलेली असेल याचा नेम नाही. कधी बुडाशी, कधी झाकणाच्या कडेला, बिस्किटांच्या पुड्यावर तर चिकटवलेल्या घडीत. सापडली की काळ्या मार्करने ठळक लिहायचं, महिना आणि वर्ष, आणि डबा त्या महिन्याच्या क्रेटमध्ये. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. पहिल्या दिवशी मी बीन्सचे दोनशे तरी डबे लावले असतील. शेजारचे आजोबा म्हणाले, तुमचा हात फार चालतो. म्हटलं, अहो, नोटा मोजलेला हात आहे.

'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' यातला फरक मला साठाव्या वर्षी कळला, हे कबूल करते. पहिली तारीख चवीची असते, उलटली तरी वस्तू लगेच वाईट होत नाही. दुसरी जिवाची. ती उलटली की वस्तू बाजूला, तिथे दयामाया नाही.

कोणीही येऊन पिशवी घेऊन जावं, असं मात्र नाही. डॉक्टर, शाळा, सल्लाकेंद्र, समाजसेवक असं कोणीतरी व्हाउचर देतं. मग तीन दिवसांचा शिधा मिळतो. एकट्याची यादी वेगळी, चार जणांच्या घराची वेगळी. तीन दिवसांनी काय होतं, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही धड नव्हतं. सरकारी भत्त्याचा नवा अर्ज केला की पहिला हप्ता हातात यायलाच पाच आठवडे लागतात. अशा बऱ्याच घरांत विजेचा मीटरही मोबाईलसारखा रिचार्ज करावा लागतो. पैसे संपले की अंधार.

एकदा मी एका माणसाची पिशवी भरली. तांदूळ, पास्ता, मसूर, सगळं यादीप्रमाणे. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तांदळाचं पाकीट अगदी हळू टेबलावर परत ठेवलं. मग पास्ता, मग मसूर. एका खोलीत राहायचा, चूल नाही, फक्त किटली. त्यासाठी वेगळी यादी होती: कपात उकळतं पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, चहा, दुधाचे टिकाऊ खोके, वरच्या कडीने उघडणारे डबे. कडीचे का, तर डबा उघडायचं कटरसुद्धा अनेकांकडे नसतं. चूल आहे का, हे मी विचारायला विसरले होते.

आणि जिथे विचारायचं नाही तिथे विचारलं. एक बाई आली, सोबत दोन पोरं. आधी चहा-बिस्किट द्यायचं, बसवायचं, पिशवीचं नंतर, अशी तिथली पद्धत. मी चहा दिला आणि आपल्या सवयीने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तिने कप खाली ठेवला. नंतर संस्थेच्या बाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन दार लावून सांगितलं: ती घरातून निघून आलेली आहे. चहा देताना फक्त दोनच प्रश्न विचारायचे, साखर किती आणि खाण्यात काय चालत नाही. मी सबंध आयुष्यात लोकांना प्रेमानेच तो प्रश्न विचारत आले. त्या दिवशी बसमध्ये कान गरम झाले होते.

शाळांना सुट्टी लागली की पोरांचं शाळेतलं फुकट जेवण बंद होतं आणि रांग वाढते, असं तिथल्या सगळ्यांनी एप्रिलपासूनच सांगून ठेवलं होतं. म्हणून मी जुलैत तीनदा दांडी मारली आणि शेवटचे सहा दिवस ऑगस्टसाठी राखून ठेवले. लेक हसली. म्हणाली, आई, तू रजासुद्धा मुदत ठेवीत टाकतेस.

परत येऊन सात महिने झाले. इथे आम्ही सहा जणांनी थोडं काही सुरू केलंय, थोडं फसलंय. ते नंतर लिहिते. आधी तुमचं ऐकायचंय. आपल्याकडे हे असं वर्षभर, मोजून-मापून करता येईल का?

चहाटळ

साखर किती हा प्रश्न नाशिकमध्ये विचारलात तर लोक उठून जातील ताई. अमृततुल्यवाला विचारतो का कधी?

सिडकोकर

लेख आवडला, पण एक पटलं नाही. भुकेल्या माणसाला व्हाउचर कशाला हवं? शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वारात जा, लंगरला बसा, कोणी चिठ्ठी मागत नाही. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, त्यात कोणाला कागद विचारला? आधी डॉक्टरकडे जाऊन 'मी उपाशी आहे' असं लिहून आणायचं, मग तीन दिवसांचे डबे. इंग्रजांनी आपल्या भुकेलाही फॉर्म लावला होता, स्वतःच्याही लावला म्हणायचा.

बर्मिंगहॅमी

मी मूळचा नाशिकरोडचा, इकडे अकरा वर्षं आहे. सिडकोकर, तुमचं म्हणणं इथलेही बरेच लोक मांडतात. गुरुद्वारे इथेही लंगर चालवतातच आणि तिथे जेवायला सगळ्या धर्मांचे लोक जातात. पण व्हाउचरमागे एक विचार आहे. व्हाउचर देणाऱ्याने त्या माणसाची मूळ अडचण बघावी, म्हणजे भत्ता अडकलाय का, भाडं थकलंय का. फक्त पिशवी दिली तर तो पुढच्या आठवड्यातही येणारच. व्हाउचर न मागणाऱ्या छोट्या स्वतंत्र फूड बँकाही इथे आहेत.

ट्रसेल नावाच्या संस्थेचं जाळं सगळ्यात मोठं आहे, त्यांची पहिली फूड बँक २००० साली सॅलिसबरीत निघाली. म्हणजे ही काही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत नव्हे. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या गोऱ्या बाईला लहानपणी हा शब्दच माहीत नव्हता.

मी स्वतः शनिवारी चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तू संस्थेसाठी विकणाऱ्या दुकानात असतो. तिथलाही हिशोब ताईंना आवडेल. दिलेल्या कपड्यांच्या पिशवीवर देणाऱ्याचा क्रमांक असलेला स्टिकर लावतो. तो करदाता असेल आणि त्याने संमती दिली असेल तर विक्रीच्या दर पाउंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. त्याला पत्रही जातं, तुमच्या वस्तू एवढ्याला विकल्या म्हणून. आलेल्यातलं जे विकण्याजोगं नसतं ते चिंध्यांच्या गोणीत. चिंधीवाला किलोवर नेतो, त्याचेही पैसे येतात. कपडे वाफेच्या इस्त्रीने सरळ केल्याशिवाय हँगरला लागत नाहीत. पहिले सहा महिने मी फक्त वाफच मारली.

इंदिरानगरची_सून

कपड्यांवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी ठिकठिकाणी 'माणुसकीची भिंत' निघाली होती ना, नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. आमच्या कॉलनीतही एक रंगवली. पहिला आठवडा काय उत्साह! नंतर एकेक पायाचा बूट, चेन तुटलेल्या जीन्स, एक फाटकी गादी. जूनमध्ये पाऊस आला आणि सगळं लोळागोळा. शेवटी घंटागाडीवाल्याच्या हातापाया पडून ते उचलायला लावलं. भिंत अजून आहे, आता तिच्यावर क्लासची जाहिरात आहे.

मुद्दा हा की भिंतीशी वाफ मारणारं कोणी नव्हतं.

पुरवठा_निवृत्त

मी पुरवठा खात्यात होतो म्हणून लिहितो. तुलना करताना एक गोष्ट विसरू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आपल्याकडे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो हा हक्क आहे, दान नव्हे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली. तीन दिवसांच्या पिशवीपुढे हे लहान नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. धान्य म्हणजे गहू-तांदूळ. तेल, डाळ, मीठ-मिरची, साबण यांचं काय? २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' निघाला, रवा, चणाडाळ, साखर आणि तेल १०० रुपयांत. त्या रांगा मी पाहिल्यात. लोक तेलाची पिशवी आधी उचलत होते.

द्राक्षबाग

दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे. छाटणीला पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. एप्रिलची खरड छाटणी आणि मग ऑक्टोबरची. येताना घरून तांदूळ, नागलीचं पीठ बांधून आणतात, शेडवर राहतात. धान्याची चणचण नसते. मागतात काय, तर तेल, मिरची, मीठ, साबण आणि मोबाईल चार्जिंग. पुरवठावाले साहेब म्हणतात ते अगदी खरंय. एकच रेशनकार्ड कुठंही चालतं आता, पण अंगठा घ्यायला दुकानापर्यंत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

मागच्या साली शहरातून एक मंडळ आलं होतं वाटप करायला. ब्लँकेटं आणली. एप्रिलात! फोटो काढले, गेले. बायांनी ती ब्लँकेटं शेडला पडदे म्हणून बांधली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठची

द्राक्षबाग भाऊ, एप्रिलातली ब्लँकेटं! हेच मला लिहायचं होतं, तुम्ही एका ओळीत लिहिलंत.

लेस्टरच्या त्या हॉलमध्ये मी मार्चअखेर गेले तेव्हाही ख्रिसमसचा क्रॅनबेरी सॉस आणि पुडिंगं फडताळात होती. डिसेंबरात लोक भरभरून देतात, आपल्याला जे सणाचं वाटतं ते देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुगीच्या सणाला शाळा आणि चर्च क्रेटच्या क्रेट पाठवतात. ऑगस्टात मात्र पिंप रिकामं, आणि रांग तेव्हाच लांब. म्हणजे देणाऱ्याचं पंचांग वेगळं आणि घेणाऱ्याचं वेगळं. मार्कर, क्रेट, काटा हा सगळा खटाटोप ती दोन पंचांगं जुळवायचा आहे. शिवाय दाराशी पाटीच असायची: बीन्स पुरेत, दूध आणि टिकाऊ फळं द्या. बीन्स पुरेत असं दात्याच्या तोंडावर सांगायला केवढं धाडस लागतं, ते इथे आल्यावर कळलं.

आता आमचं. इथल्या एका मोठ्या रुग्णालयाबाहेर पेशंटचे नातेवाईक राहतात, जिन्याखाली, झाडाखाली. आम्ही सहा जणांनी पहिल्याच महिन्यात खिचडी नेली. तर आमच्या आधी दोन गाड्या उभ्या. एकाच्या वडिलांचा स्मृतिदिन, दुसऱ्याच्या मुलाचा वाढदिवस. त्या दिवशी तिथली कुत्रीसुद्धा खिचडीला तोंड लावेनात. आमच्या पातेल्याचं काय करायचं म्हणून आम्हीच पाच घरांत वाटून घेतली.

मग मी वही केली. दोन महिने, रोज संध्याकाळी कोणीतरी एकाने जायचं आणि फक्त लिहायचं. काही न्यायचं नाही. (नवऱ्याला हे फार विचित्र वाटलं. म्हणाला, रिकाम्या हाताने दवाखान्यात कोण जातं?) तर वहीत असं निघालं की अमावास्या, गुरुवार, रविवार, २६ जानेवारी या दिवशी जेवण उतू जातं. मंगळवारी-बुधवारी रात्री शुकशुकाट. आणि लोक जेवणाहून जास्त मागतात ते असं: प्लास्टिकचा मग, बादली, अंगाचा साबण, सतरंजी, कुलूप. कुलूप का ते चौथ्या दिवशी कळलं. पिशव्या चोरीला जातात, म्हणून दोघांपैकी एकाला सतत बसून राहावं लागतं. एक साखळी आणि कुलूप मिळालं की दुसरा माणूस आंघोळीला जाऊ शकतो.

आता आम्ही मंगळवार-बुधवार रात्रीच जातो. पोळी-भाजी मोजकी, आणि चूल न लागणारी पिशवी: भडंग, शेंगदाणे-गूळ, खजूर, साबण. बादल्या वापरून परत घेतो, वहीत क्रमांक आहे. चौदापैकी नऊ परत आल्या. एवढ्यात मी खूश आहे, पण आमच्यातल्या एका काकांना पाच गेल्याचं दुःख आहे आणि दर बैठकीत तो विषय निघतो.

सिडकोकर

दोन महिने नुसती वही? मला तर दोन दिवसांत लाज वाटली असती. समोर माणूस उपाशी आणि आपण लिहितोय.

गोदाकाठची

वाटली ना. तिसऱ्या दिवशी मीही पर्समधला बिस्किटपुडा काढून दिला. तो वहीत लिहिला नाही.

इंदिरानगरची_सून

ताई, लेस्टरच्या फूड बँकेत आपले लोक यायचे का? भारतीय म्हणजे?

गोदाकाठची

यायचे. बरेच विद्यार्थी. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, खोलीचं भाडं त्याहून मोठं. सरकारी भत्ते त्यांना नाहीत, पण फूड बँक त्यात मोडत नाही, त्यामुळे ते येऊ शकतात.

एक सांगते. मी रोज खांद्याला कापडी पिशवी लावून जायचे, मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची, वर देवनागरीत मोठ्ठं 'नाशिक'. एका शुक्रवारी दारात एक मुलगा दिसला. आत आला, व्हाउचरचा कागद खिशातून काढला, त्याची नजर खुर्चीवरच्या त्या पिशवीवर गेली. मग माझ्याकडे. कागद परत खिशात घातला आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. बाहेर पडताना त्याच्या तोंडून "एक मिनिट हां" एवढं ऐकू आलं. मराठीत. फोन वाजलाच नव्हता.

मंगळवारपासून मी लेकीची सुपरमार्केटची पिशवी घेऊन जायला लागले. तो आल्याचं नंतर वहीत दिसलं, एकट्याची यादी, शाकाहारी, माझी पाळी नसताना.

शंकेखोर

एक विचारतो, राग मानू नका. तिथे गोपनीयतेची सही घेतली असेल ना? मग हे इथे लिहिणं बसतं का त्यात? नाशिकचा मुलगा, लेस्टर, गेलं वर्ष. ओळखणारा ओळखेल. त्या मुलानेच वाचलं तर?

चहाटळ

घ्या. हे आलेच.

गोदाकाठची

नाही, शंकेखोर बरोबर बोलताहेत. सही घेतली होती. लिहिताना मी वार बदललाय, आणखी दोन गोष्टी बदलल्यात, त्या सांगत नाही. पिशवीवर 'नाशिक' होतं हे खरं. तरी तुम्ही म्हणता तर मीच दोनदा विचार करते आहे. संपादकांना विचारून तो मजकूर काढता आला तर काढते. किटलीवाले गृहस्थ आणि ती बाई यांच्याही खुणा पुसल्यात.

बर्मिंगहॅमी

माझं मत, राहू द्या. पुष्कळ मुलं इकडे एकवेळ जेवून घरी 'मजेत आहे' सांगतात. तीनशे मैलांवरचा दुसरा कोणी मुलगा वाचेल आणि जाईल तरी.

आणि इथे येणाऱ्या आईबाबांना एक सूचना: तीस दिवसांचं ताईंचं बरोबर आहे, पण ते भेटीच्या व्हिसाचं. व्हिसा दुसऱ्या प्रकारचा असेल तर नियम वेगळे. स्वतः वाचून जा, शेजारच्या काकूंना चाललं म्हणून जाऊ नका. आणि जेवण, बसभाडं सोडून काही 'भेट' म्हणून घेऊ नका, तो मोबदला ठरू शकतो.

पुरवठा_निवृत्त

गोदाकाठची ताई, रुग्णालयाच्या कामात मला घ्या. बुधवार रात्र चालेल. वजनकाटा माझ्याकडे आहे, तपासून शिक्का मारलेला.

सिडकोकर

मी वाद घातला खरा, पण वीस बादल्या देतो. पुतण्याचं प्लास्टिकचं दुकान आहे.

गोदाकाठची

सिडकोकर, तुमचे आभार, पण बादल्या पुरेत. कुलपं हवीत, साखळीसकट, लहान. आणि सतरंज्या पावसाळ्याआधी. साहेब, बुधवारी आठ वाजता या, काटा नको, मार्कर आणा. आमचे दोन्ही सुकलेत.

सिडकोकर

बादल्या पुरेत म्हणे! लेस्टरचं धाडस आलंय तुमच्यात. बरं, कुलपं बघतो.

द्राक्षबाग

ताई, शेडवरच्या मजुरांसाठी तेल-मिरचीचं काही जमवता आलं तर मला बोलायचंय. पण आत्ता छाटणी चालू आहे, सकाळी सहाला रानात असतो. पंधरा दिवसांनी लिहितो.